विश्वासाच्या दोन चाव्या

'आमच्याकडे सगळे विश्वासावर चालते' हे वाक्य बँकेतल्या नोकरीत मी किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही. कर्ज मंजूर करण्याआधी दुकान, गोदाम किंवा कारखाना पाहायला जावे लागे. चहा येई, मालाच्या थप्प्या दाखवल्या जात, आणि हिशेब कोण पाहतो असे विचारले की मालक कोपऱ्यातल्या मेजाकडे बोट दाखवून हे वाक्य म्हणत. त्यात अभिमान असे आणि तो खोटा नसे. वीस-पंचवीस वर्षे एकाच माणसाच्या हाती गल्ला, वही आणि पासबुक सोपवून निर्धास्त राहणे, ही आपल्या व्यापारी जगात मोठेपणाची खूण समजली जाते. तपासणी करणारा मालक कद्रू आणि संशयी. डोळे मिटून सही करणारा दिलदार, असे आपले साधे गणित आहे.

हे गणित चुकीचे आहे असे मला वाटते. आणि त्या चुकीची किंमत मालकापेक्षा कोपऱ्यातल्या मेजावरच्या माणसाला जास्त मोजावी लागते, हे मला या लेखात सांगायचे आहे.

मोठ्या कंपन्यांत आणि बँकांत ज्याला 'अंतर्गत नियंत्रण' म्हणतात, तो शब्द जड आहे. पण त्यामागची कल्पना कोणत्याही शहाण्या गृहिणीला समजेल अशी आहे. कोणत्याही व्यवहारात चार कामे असतात. व्यवहाराला परवानगी देणे, पैसा किंवा माल प्रत्यक्ष हाताळणे, त्याची नोंद करणे आणि नोंद व वस्तुस्थिती यांचा मेळ बसतो का ते पाहणे. ही चारही कामे एका हाती असू नयेत. एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर आपोआप पडावी, मुद्दाम पाळत ठेवावी लागू नये. बाकीचे सारे या एका सूत्राचे तपशील आहेत.

हा प्रश्न मूठभर लोकांचा नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१५-१६ सालच्या ७३ व्या फेरीनुसार देशात शेतीबाहेरचे सुमारे ६ कोटी ३४ लाख सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग होते आणि त्यांत ११ कोटींहून अधिक माणसे काम करत होती. यांतले सुमारे ९६ टक्के उद्योग एकट्या मालकाच्या नावावर चालणारे. म्हणजे संचालक मंडळ नाही, भागधारक नाहीत, अंतर्गत हिशेब तपासनीस तर नाहीच. २०१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षकावर अंतर्गत वित्तीय नियंत्रणांविषयी मत देण्याची जबाबदारी टाकली, पण ती कंपन्यांपुरती. आणि त्यांतूनही लहान खासगी कंपन्यांना २०१७ च्या अधिसूचनेने सूट मिळाली. ही सूट रास्तच होती, कारण शंभर पानी कार्यपद्धती लिहून काढणे पाच माणसांच्या कारखान्याला परवडणारे नाही. पण त्याचा अर्थ असा की कायदा जिथे थांबतो, तिथपासून पुढे या कोट्यवधी दुकानांत आणि कारखान्यांत जी काही व्यवस्था असेल ती मालकाच्या स्वतःच्या समजुतीतून आलेली असेल. आणि ती समजूत बहुधा वर सांगितलेल्या वाक्यापाशी संपते.

चार कामे, एक माणूस

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचे उदाहरण सांगतो. सिमेंट, पत्रे, पाइप आणि रंग यांचे घाऊक दुकान. दिवाणजी बावीस वर्षांचे जुने. बिले तेच करत, आठवड्यातून दोनदा आसपासच्या गावी वसुलीला तेच जात, आणलेले पैसे वहीत तेच जमा करत, बँकेत भरत तेही तेच, आणि वर्षअखेरीस उधारीची यादी काढून मालकांना वाचूनही तेच दाखवत. मी वर जी चार कामे म्हटली, त्यांतली परवानगी सोडली तर बाकी तीनही त्यांच्याकडे. आणि परवानगीचे काम मालक 'तुम्ही बघा' एवढ्या दोन शब्दांत उरकत.

मालकांचा मुलगा वाणिज्य शाखेची पदवी घेऊन दुकानात बसू लागला. त्याने संगणक आणला. संगणकात भरायला प्रत्येक गिऱ्हाइकाची सुरुवातीची बाकी हवी, म्हणून त्याने सगळ्यांना पत्रे पाठवली. जवळजवळ तीस जणांनी कळवले की आमची बाकी एवढी नाही. फरकाची बेरीज तीन लाखांच्या वर गेली. कोणी म्हणाले, पैसे दिले आहेत, पावती नाही. कोणी म्हणाले, माल परत केला होता. दोघा-तिघांनी सांगितले की लग्नात भेट झाली तेव्हा रक्कम थेट मालकांच्या हाती दिली. मालकांना ते आठवत होते, आणि आपण दिवाणजींना सांगितले होते असेही आठवत होते. दिवाणजींना ते आठवत नव्हते. पावतीपुस्तकांना अनुक्रमांक नव्हते, परत आलेल्या मालाची वेगळी नोंद नव्हती.

त्या तीन लाखांपैकी किती रक्कम खरोखर कोणी खाल्ली, किती विसरली गेली आणि किती कधी येणेच नव्हती, हे त्या कागदांवरून ठरवणे कोणाही माणसाला शक्य नव्हते. दिवाणजींना कोणी चोर म्हटले नाही. उद्यापासून येऊ नका असेही म्हटले नाही. फक्त गल्ल्याची चावी मुलाने स्वतःकडे घेतली आणि वसुलीला दुसऱ्या पोऱ्याला धाडले. दोन महिन्यांनी दिवाणजी आपण होऊन यायचे बंद झाले. गावात ज्याने त्याने आपापला निकाल दिला. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर त्या माणसाला ना अपराधी ठरता आले, ना निर्दोष.

मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे, त्यामुळे अपराध्यांविषयी मला थोडेफार कुतूहल आहे. पण ज्याचा अपराध सिद्ध होत नाही आणि निर्दोषपणही सिद्ध होत नाही, त्या माणसाचे जे होते ते मला कोणत्याही शिक्षेहून वाईट वाटते. ही वेळ दिवाणजींवर आणली ती मालकांच्या विश्वासाने. पुरावाच तयार होणार नाही अशी व्यवस्था त्यांनी बावीस वर्षे चालवली आणि तिला विश्वास असे नाव दिले.

याच्या उलट बँकेतली रीत पाहा. तिजोरीला दोन चाव्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एकट्याला ती उघडता येत नाही. संध्याकाळी रोकड मोजायची, शिल्लक लिहायची आणि दोघांनी सह्या करायच्या. नव्याने आलेल्या कारकुनाला सुरुवातीला हे अपमानाचे वाटते. आपण मोजलेले बंडल पुन्हा दुसऱ्याने का मोजावे? वर्षभरात त्याला कळते की ती दुसरी सही त्याचीच ढाल आहे. एखाद्या दिवशी रोकड कमी भरली तर ती कोणत्या तासात, कोणाच्या हाती असताना कमी झाली हे सांगता येते. आणि त्यामुळेच ज्याच्या हाती ती नव्हती, त्याच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू शकत नाही.

रजा न घेणारा माणूस

माणसे पैसे का खातात यावर अमेरिकेतल्या डोनाल्ड क्रेसी या गुन्हेशास्त्रज्ञाने तुरुंगात जाऊन कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. मालकाच्या विश्वासाला पात्र ठरून नोकरीला लागलेले आणि पुढे त्याच पैशाला हात लावलेले हे लोक होते. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकातला निष्कर्ष आजही लेखापरीक्षणाच्या अभ्यासक्रमात शिकवला जातो. त्याच्या मते तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. कोणालाही सांगता येत नाही अशी पैशाची अडचण, ती गुपचूप सोडवता येईल अशी संधी, आणि 'मी चोरी करत नाही, उसने घेतो आहे' अशी स्वतःची समजूत घालणारे एखादे वाक्य.

या तिन्हींपैकी दोन गोष्टी माणसाच्या मनात आणि घरात घडतात. संधी मात्र मालक पुरवतो. मुलीचे आजारपण, भावाचे कर्ज, सट्ट्यात बुडालेली रक्कम यांवर मालकाचा ताबा नसतो; पण गल्ला आणि वही एकाच हाती ठेवायची की नाही हे तोच ठरवतो. भुकेल्या माणसापुढे उघडे ताट ठेवून त्याच्या सचोटीची परीक्षा पाहण्यात मला काही थोरवी दिसत नाही.

सुरुवात नेहमी लहान असते. अ या गिऱ्हाइकाने दिलेले पाच हजार खिशात जातात, परवा भरू या बोलीवर. परवा अ-चे खाते विचारले जाण्याची वेळ येते, म्हणून ब-कडून आलेली रक्कम अ-च्या नावे जमा होते. मग ब-साठी क-ची. याची टोपी त्याच्या डोक्यावर, असा हा खेळ एकदा सुरू झाला की तो करणाऱ्याला रोज हजर राहावेच लागते. एक दिवस दुसरा कोणी वहीवर बसला, तर टोप्या मोजल्या जातील. म्हणून ज्या कारखान्यात 'आमच्या दिवाणजींनी दहा वर्षांत एक रजा घेतली नाही' असे कौतुकाने सांगितले जाई, तिथे मी एक प्रश्न जास्त विचारत असे. बहुतेक वेळा ती निष्ठाच असे. पण निष्ठा आणि नाइलाज बाहेरून सारखेच दिसतात, आणि दोन्हींवर उपाय एकच आहे: रजा. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली बँकांना सांगितले की संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान दहा कामकाजाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यावी. जी गोष्ट देशातल्या सगळ्या बँकांना आवश्यक वाटते, ती पाच माणसांच्या दुकानाला तर विनामूल्य मिळते. दिवाणजींना आठ दिवस देवदर्शनाला पाठवा आणि तेवढे दिवस वहीवर दुसऱ्याला बसवा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अपहारांचा अभ्यास करणारी 'असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स' ही अमेरिकास्थित संस्था जगभरातल्या प्रकरणांचा अहवाल दर दोन वर्षांनी काढते. २०२४ च्या अहवालानुसार ४३ टक्के प्रकरणे कोणीतरी दिलेल्या खबरीमुळे उघडकीस आली, आणि खबर देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक त्याच संस्थेतले कर्मचारी होते. म्हणजे दुकानात काय चालले आहे हे दुकानातल्या माणसांना आधी कळते. प्रश्न एवढाच की ते मालकाला सांगण्याची वाट उघडी आहे का. 'दिवाणजींविरुद्ध एक शब्द ऐकून घेणार नाही' असे म्हणणारा मालक ती वाट स्वतःच बुजवतो.

गडावरचे कारभारी

हे सगळे परदेशी खूळ आहे, आपल्या मातीत माणुसकी चालते, असे म्हणणारे भेटतात. त्यांना आपला इतिहास वाचायला हवा. कौटिल्याने अर्थशास्त्रात सरकारी द्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून दाखवले आहेत. त्यांत जमा झालेली रक्कम उशिरा दाखवण्यापासून एकाच्या नावची दुसऱ्याच्या नावे टाकण्यापर्यंत बहुतेक सगळे येते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या गडांची व्यवस्था वर्णिली आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तिघे बरोबरीच्या दर्जाचे अधिकारी, कारभार तिघांनी मिळून करायचा. धान्य आणि सामानाच्या कोठारांसाठी कारखानीस वेगळा, आणि त्या जमाखर्चाचे लिखाण त्याच्या देखत. गड एका माणसाच्या मर्जीवर सोडायचा नाही, हा त्यामागचा हेतू. महाराजांचा आपल्या माणसांवर विश्वास नव्हता असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? उलट, माणसांवर एवढा मोठा भार टाकायचा तर तो वाटूनच टाकला पाहिजे, हे त्यांना कळले होते.

पेशवाईत हीच रीत दरकदारांच्या रूपाने चालू राहिली. मामलतदाराच्या हाताखाली दिवाण, मजमुदार, फडणीस असे दरकदार असत. पण ते त्याचे नोकर नसत. त्यांची नेमणूक वरून होई आणि मामलतदाराला त्यांना काढता येत नसे. एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या मंडळींचे काम मामलतदारावर वचक ठेवण्याचे होते असे म्हटले आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने देण्याचा प्रघात पडला. ठरलेली रक्कम मिळाली की झाले, मधला हिशेब कोण विचारतो? व्यवस्था कागदावर राहिली आणि तिच्यातला जीव गेला. त्याची किंमत रयतेने मोजली. 'महिन्याला इतके पैसे हातात द्या, बाकी तुम्ही बघा' असे दुकान चालवणाऱ्या मालकांनी हा मक्त्याचा इतिहास आठवावा.

मालकाचा हात

आता अवघड भागाकडे येतो. माझ्या अनुभवात छोट्या धंद्यातल्या गल्ल्याला सर्वांत जास्त वेळा, सर्वांत कमी नोंदीने हात घालणारा माणूस नोकर नसतो. तो मालक असतो. दुपारी घरी जाताना दोन हजार, मुलाच्या मोटारसायकलच्या हप्त्याला चार हजार, पाहुणे आले म्हणून पाचशे. पैसा आपलाच, मग लिहायचे कशाला? लिहायचे यासाठी, की ज्या गल्ल्यातून मालक न लिहिता काढतो, त्यात तूट म्हणजे काय हेच ठरवता येत नाही. संध्याकाळी तीन हजार कमी भरले तर ते मालकाने नेले, धाकट्या भावाने नेले की पोऱ्याने? ज्याला हात मारायचा आहे त्याला याहून सुरक्षित जागा मिळायची नाही. आणि जो प्रामाणिक आहे त्याला याहून धोक्याची जागा नाही.

म्हणून छोट्या धंद्यात पहिले नियंत्रण मालकावर हवे. त्याने स्वतःला दरमहा ठरावीक उचल बांधून घ्यावी, वर लागले तर चिठ्ठी लिहून घ्यावे आणि ती चिठ्ठी वहीत यावी. मी हे सुचवले की मालक हसत. पण जे दोघे-चौघे तसे वागले, त्यांच्याकडे नोकरांनाही चिठ्ठीशिवाय पैसे मागण्याची लाज वाटू लागली. शिस्त वरून खाली येते. खालून वर चढल्याचे मी पाहिलेले नाही.

दुसरा मुद्दा याहून नाजूक आहे. कच्ची वही आणि पक्की वही. कर चुकवण्यासाठी दिवाणजींना खोटे लिहायला लावणारा मालक त्यांना दोन गोष्टी शिकवतो. एक, खोटी नोंद कशी करायची. आणि दोन, सोयीसाठी केलेली खोटी नोंद हे पाप नसते. क्रेसीने सांगितलेले ते समजूत घालणारे वाक्य मालकाने फुकटात पुरवलेले असते. शिवाय कच्च्या वहीतली रक्कम गेली तर फिर्याद कोणाकडे करणार? पोलीस विचारतील, ही रक्कम आली कुठून? दिवाणजींना हे पक्के ठाऊक असते. कच्ची वही ठेवणारा मालक आपल्या नोकराच्या मुठीत असतो, आणि तो त्याला विश्वास समजत असतो.

मुलगे संपले की धंदा थांबतो

विश्वासावर चालणाऱ्या धंद्याची आणखी एक मर्यादा आहे, आणि ती आपल्या जवळच मोजली गेली आहे. मुंबईच्या उत्तरेला तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड कारखान्यांत स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँक येथील अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. १७ कंपन्या निवडल्या. हे कारखाने अगदी छोटे नव्हते, पण सगळे कुटुंबाच्या मालकीचे. काही कारखान्यांना सल्लागार देऊन साध्या गोष्टी करायला लावल्या: सुताच्या साठ्याची नोंद, यंत्रांची नियमित देखभाल, दोषांची रोजची नोंद आणि तिच्यावर चर्चा, प्रत्येकाचे काम नेमून देणे. पहिल्याच वर्षात उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली.

पण मला त्यातले दुसरे निरीक्षण जास्त मोलाचे वाटते. हे कारखाने किती वाढतात हे मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती आहेत, यावर बरेचसे ठरत होते. कारण बाहेरच्या व्यवस्थापकाच्या हाती कारखाना दिला तर तो सूत विकून खाईल, ही भीती. दोन मुलगे असतील तर दोन कारखाने. तिसरा कारखाना घालायचा तर तिसरा मुलगा हवा. मुली या हिशेबात धरल्याच जात नव्हत्या, हे वेगळे सांगायला नको. जिथे नोंदी सुधारल्या, तिथे मालकांनी व्यवस्थापकांवर जास्त निर्णय सोपवले आणि पुढच्या तीन वर्षांत नवे कारखानेही काढले. म्हणजे मोजमापामुळे विश्वास कमी झाला नाही, त्याची पोच वाढली. रक्ताच्या नात्याबाहेरच्या माणसावर भार टाकता येऊ लागला. आपल्याकडचे कितीतरी चांगले धंदे एका पिढीत थांबतात त्याची कारणे भांडवलात आणि बाजारात शोधली जातात; थोडी या कोपऱ्यातही शोधावीत.

तीन माणसांच्या दुकानात

'आमच्याकडे माणसेच तीन, कामे वाटायची कशी?' हा प्रश्न खरा आहे. पाठ्यपुस्तकातली विभागणी अशा जागी जमत नाही. तिथे मालकाने स्वतः दोन-चार कामे धरून ठेवायची असतात, आणि त्यांना दिवसाची पंधरा मिनिटे पुरतात. रोकड मोजणारा आणि शिल्लक लिहिणारा वेगळा ठेवावा. बिलबुके आणि पावतीपुस्तके छापील क्रमांकाची असावीत, आणि रद्द केलेले पान फाडू नये. बँकेचा खातेउतारा थेट मालकाने पाहावा, दिवाणजींनी नक्कल करून आणलेला नव्हे. दर महिन्याला कोणत्याही दहा वस्तू निवडून त्यांचा साठा वहीशी पडताळावा; कोणत्या दहा हे आधी सांगू नये. वर्षातून दोनदा गिऱ्हाइकांना बाकी कळवावी आणि उत्तर मालकाच्या हाती यावे. कोऱ्या चेकवर सही करून ठेवू नये.

आता चेक कमी झाले, पण कोरी सही गेलेली नाही. नेट बँकिंगचा पासवर्ड दिवाणजींकडे, आणि मोबाइलवर येणारा ओटीपी मालक फोनवरून वाचून दाखवतात, ही कोऱ्या चेकचीच नवी आवृत्ती आहे. २०१६ पासून यूपीआय आले आणि गल्ल्यातली रोकड घटली, हे चांगलेच झाले. पण काउंटरवरचा क्यूआर कोड कोणाच्या खात्याला जोडलेला आहे, हे महिन्यातून एकदा स्वतः दहा रुपये भरून पाहायला हवे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी बदलली याची खूण राहिली पाहिजे, हे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना सक्तीचे आहे. इतरांना सक्ती नाही. पण ती सोय असेल तर बंद करून ठेवण्याचे कारण काय?

यंत्र आले म्हणजे प्रश्न मिटला, असे मात्र नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तिजोरीतली रोकड हिशेबापेक्षा कमी आढळली, आणि १२२ कोटी रुपयांच्या अपहाराचा गुन्हा नोंदला गेला. संगणकावर आकडा होता, नोटा नव्हत्या. तिजोरीतली रोकड कोणीतरी हाताने मोजावी लागते, याला पर्याय अजून निघालेला नाही. दोघांनी संगनमत केले तर दोन चाव्यांचाही उपयोग नाही, हेही खरे. आणि चहाच्या पाच रुपयांवर तीन सह्या मागणारी व्यवस्था धंदाच गिळते. नियंत्रणाचा खर्च जोखमीपेक्षा जास्त असता कामा नये.

शेवटी एक गोष्ट, जी लेखापरीक्षणाच्या पुस्तकांत एका ओळीत उरकली जाते. ज्याच्या हाती लाखांचा व्यवहार दिला त्याला पोटापुरता तरी पगार द्या, आणि अडचणीत उघडपणे उचल मागता येईल अशी सोय ठेवा. क्रेसीच्या कैद्यांची अडचण 'कोणाला सांगता येत नाही' अशी होती. सांगता आली असती, तर त्यांतले काही तुरुंगात गेले नसते.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अजूनही अनेक दुकानांत वहीची पूजा होते, आता तिच्या शेजारी संगणकालाही हळदकुंकू लागते. त्या दिवशी मालकाने एक कागद करावा. वर्षाची शिल्लक, उधारी आणि साठा आम्ही दोघांनी मिळून पडताळला, तो बरोबर आहे, असे दोन ओळींचे लिखाण, खाली मालकाची आणि दिवाणजींची सही. एक प्रत दुकानात, एक दिवाणजींच्या घरी. उद्या ते निवृत्त झाले, दुसरीकडे गेले किंवा मालकाच्या मुलाचे आणि त्यांचे पटले नाही, तरी बावीस वर्षांचे बावीस कागद त्यांच्या ट्रंकेत असतील. गावाने काय बोलायचे ते बोलावे.